धुतलेला सभामंडप

१२ जुलै १९८८, पारोळा

आज आंबेदडला देवळाचा सभामंडप धुतला. माझ्यामुळे. माझ्यादेखत, चौथीच्या पोरांच्या देखत.

सकाळपासून पोट दुखत होतं. दुसऱ्या तासाला राहवेना म्हणून शेजारी नानांच्या घरी गेले. घर देवळाला लागूनच. त्यांची सून शैला स्वैपाकघरात होती. तिच्याकडे गरम पाणी मागितलं, एक जुनं फडकं मागितलं. तिने दोन्ही दिलं. परत देवळाच्या मंडपात येऊन, शाळा तिथेच भरते, भागाकार शिकवायला घेतला. थोड्या वेळाने नाना स्वतः आले. गावचे सरपंच तेच, मारुती देवस्थानचे अध्यक्षही तेच. पायरीवरूनच म्हणाले, "बाई, देवनी जागा शे. चार दिन पाळाले पायजे."

मी म्हटलं, शाळा सुरू आहे, सुटल्यावर बोलू. ते म्हणाले, आधी बाहेर या. पोरांना उठवलं. सुनेला हाक मारली आणि तिच्याकडून बादल्यांनी फरशी धुवून घेतली. वर गोमूत्र. मी पाराजवळ उभी. पोरं ओळीत उभी राहून बघतायत. आमचे मुख्याध्यापक साळुंखे गुरुजी चपलेचा अंगठा नीट करत बसले होते.

मग नाना म्हणाले, बाई घरी जातील, वर्ग गुरुजी घेतील.

आले घरी. यांना काही सांगितलं नाही. फळ्यावर भागाकार अर्धा राहिला.

१३ जुलै

रजा टाकली. झोपून राहिले. शैलानेच सांगितलं असणार. बाईमाणूस असून. तिचंही नाव लक्षात ठेवीन.

सासूबाई होत्या तोवर घरी मीही बाजूला बसत होते. कधी कुरकुर केली नाही. पण ते घर होतं. हे सरकारी शाळेचं काम आहे, मी तिथे पगार घेऊन उभी असते. मी देवळात गेलेच नव्हते. शाळेला देवळात नेलं कोणी?

१६ जुलै

यांना सांगितलं. हे बाजार समितीत लिलावाच्या नोंदी करतात, आणि नाना समितीचे संचालक. ऐकून मग म्हणाले, बदली मागून घे. म्हटलं, मी का? हे म्हणाले, मग काय करणार आहेस?

नुसतं एवढंच डोळ्यांपुढे येतं की नाना कुठेतरी उभे आहेत, खूप लोक बघतायत, आणि त्यांना सांगावं लागतंय की मी काय केलं.

२५ जुलै

तालुक्याच्या शिक्षण विभागात गेले. साहेब भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, "गावाशी जुळवून घ्या बाई." मी विचारलं, सरकारी अनुदानातून दोन खोल्यांची शाळा बांधली, मागच्या वर्षी उद्घाटन झालं, तिथे आम्ही का बसत नाही? त्यांना सगळं ठाऊक. श्रावणात कीर्तनकार उतरतात, मग इतर सणांना पाहुणे, आणि किल्ली नानांकडे. शाळेच्या पाटीवर चुना फासून वर 'भक्त निवास' लिहिलंय. शाळा मात्र सभामंडपात. साहेब म्हणाले, गावाने छप्पर दिलंय हे काय थोडं आहे?

वर अर्ज करते म्हटलं तर म्हणाले, करा, पण माझं नाव घालू नका.

६ ऑगस्ट

आता सगळं नीट बघायला लागले. आधी नजरेला आलंच नव्हतं म्हणायचं.

सकाळची आरती शाळेच्या वेळेत होते, पोरांना टाळ्या वाजवायला लावतात. शनिवारी अर्धी शाळा मारुतीचं स्तोत्र पाठ करण्यात जाते आणि गुरुजी ते मराठीचा तास म्हणून मांडतात. भिलाटीतली, म्हणजे भिल्लवस्तीतली पोरं मंडपात येत नाहीत. येत नाहीत म्हणजे येऊ देत नाहीत. ती खालच्या पायरीवर बसतात. अकरानंतर तिथे ऊन येतं. पाटी डोक्यावर धरून बसतात. दोन महिने मी त्या पायरीवरून ये-जा करतेय.

२१ ऑगस्ट, धुळे

भावाकडे आले. पारोळ्यात कोणी वकीलपत्र घेईना. एकाने तर माझ्यासमोरच नानांना फोन लावला.

भावाने देवरे वकिलांकडे नेलं. म्हातारे, बारीक, कानात केस. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही 'अरेरे' म्हणाले नाहीत. बरं वाटलं. म्हणाले, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, घटनेत कलम अठ्ठावीस आहे. सरकारी इमारत देवस्थानाने वापरायची आणि सरकारी शाळा देवस्थानात भरवायची, यात सरकार कुठलं आणि देऊळ कुठलं तेच कळत नाही, म्हणून कोर्टाने ते वेगळं करून द्यावं, एवढं मागू.

मी विचारलं, आणि फरशी धुतली ते?

ते म्हणाले, "बाई, कोर्टात कलम चालतं, राग चालत नाही. राग तुमच्याकडेच ठेवा."

ठेवलाय.

२८ ऑगस्ट

देवरे म्हणाले होते, तुम्ही नोकर, एकट्याच वादी असलात तर तुमचं भांडण खासगी ठरवतील. पालक हवा, ज्याचं पोर बाहेर बसतं असा.

भिलाटीत सुक्रामकडे गेले. विहिरी खोदायची कामं करतो, त्याची पोर तिसरीत, पायरीवर बसते. त्याची बायको म्हणाली, नानाना वावरमा आमले काम भेटस, तुम्ही जाशात, आमी आठेच ऱ्हासुत. खरं आहे. उठले. तेवढ्यात सुक्राम बोलला.

"माले कलमबिलम समजत नही. मनी पोर सावलीमा बसाले पायजे. कोठे अंगठा देवाना ते सांगा."

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. गुरुजींच्या हस्ते मला नारळ. नानांनी भाषणात स्त्री ही देवी असते वगैरे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. नोटिसा परवाच पोस्टात पडल्यात. जिल्हा परिषदेला, सरकारला, देवस्थानाला. भाषण चालू असताना मनात एकच, बोल, अजून बोल.

१० सप्टेंबर

नोटीस पोचली. आज कोणी माझ्याशी बोललं नाही. पाण्याचा माठ उचलून नानांच्या ओट्यावर ठेवलाय. पोरांनी पाणी प्यायला तिथे जायचं, मी जायचं नाही. मी पारोळ्याहून बाटली नेते. पोरांसमोर घटाघटा पिते, मुद्दाम.

१९ नोव्हेंबर, जळगाव

दावा दाखल. वादी नंबर एक सुक्राम, दोन मी. सरकारला नोटिशीची मुदत द्यावी लागते म्हणून इतका वेळ. देवरे धुळ्याहून आलेल्या गाडीत खिडकीशी बसून होते, मी आणि सुक्राम पारोळ्याला चढलो. दावा शाळेच्या इमारतीचा, आरतीचा, पायरीवरच्या पोरांचा. शेवटचं कलम माझं: मला कामावरून उठवणं व जागा धुणं बेकायदा होतं असं कोर्टाने जाहीर करावं. देवऱ्यांनी ते घालायला नको म्हणून पाहिलं. मी म्हटलं, ते नसेल तर मी सही करत नाही.

शिक्के मारणाऱ्या कारकुनाने कागद वाचला आणि माझ्याकडे वर बघितलं. बघू दे.

३ डिसेंबर

यांना लिलावाच्या टेबलावरून उठवून फाटकावर बसवलं. गाड्या मोजायला. बैलगाड्या, ट्रॅक्टर, थंडीत दिवसभर. कारण काही नाही. हे घरी आले, जेवले, म्हणाले, भाजी चांगली झालीय.

एवढंच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी १९८९

आज मजा आली. लिहून ठेवते.

कोर्टाने कमिशनर नेमला होता, जागेची पाहणी करायला. तारीख आधीच कळवतात, त्यामुळे नानांनी 'भक्त निवासा'तल्या खाटा हलवल्या, एक फळा टेकवून ठेवला, वर आजची तारीख टाकली. कमिशनर तरुण वकील. बूट काढले नाहीत, सरळ आत. कोपऱ्यात उदबत्तीची राख, भिंतीला टेकलेली वीणा, मागच्या खोलीत कीर्तनाची सतरंजी. त्याने बाहेर येऊन पाटी ओल्या रुमालाने पुसली. पातळ चुना. खालून 'जि.प. प्राथमिक' दिसायला लागलं. पुसत राहिला. सगळं गाव उभं. नानांच्या मानेवर घाम.

कमिशनरने विचारलं, ही शाळा आहे ना? नाना म्हणाले, हो. मग देवळात कोण शिकतं? नाना म्हणाले, तीबी शाळाच शे.

मग तो पायरीकडे गेला, तिथे बसलेल्यांना आडनावं विचारली आणि लिहून घेतली.

घरी येताना बसमध्ये एकटीच हसत होते. बाजूची बाई सरकून बसली.

२ मार्च

सुक्रामला गावात काम नाही. कोणी स्पष्ट बोलत नाही, नुसतं 'नंतर ये'. तो पारोळ्याच्या पलीकडे एका विहिरीवर जातो, पहाटे निघतो. मी विचारलं, मागे घ्यायचा का? त्याला प्रश्नच समजला नाही. म्हणाला, पोर आजुन उनमाच बसनी शे ना.

माझ्या डोक्यात ऊन नव्हतं. माझ्या डोक्यात नाना होते. त्याच्यासमोर मान वर करता आली नाही, पण म्हणून राग कमी झाला असंही नाही.

१४ जून

मिळाला! तात्पुरता हुकूम मिळाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत इमारत फक्त शाळेसाठी वापरायची. वर्ग सभामंडपात भरवायचे नाहीत. शाळेच्या वेळेत पूजाआरतीत विद्यार्थ्यांना सामील करायचं नाही. सर्व विद्यार्थ्यांना वर्गात बसवायचं. 'सर्व' या शब्दाशी न्यायाधीश थांबले होते, मी पाहिलं.

समोरच्या वकिलाने केवढं सांगितलं, नुसतं छप्पर आहे, गावाचं औदार्य आहे, धर्माचा संबंधच काय. न्यायाधीश म्हणाले, छप्पर आहे तर किल्ली का ठेवली?

नाना व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे. टोपीशिवाय प्रथमच पाहिलं. मागे टक्कल आहे.

माझं कलम मात्र शिल्लक. धुतल्याचं. त्याला पुरावा लागेल, साक्षी होतील.

१९ जून

बदलीचा हुकूम. एदलाबाद तालुका, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने. म्हणजे नव्या खोलीत मी एक दिवसही शिकवणार नाही.

गुरुजी म्हणाले, मी काही केलं नाही हां बाई. त्यांनी कधीच काही केलं नाही.

३० जुलै, एदलाबाद

सरकारी कागदावर मुक्ताईनगर, बोलण्यात एदलाबाद. इथे एका विधवा बाईंकडे खोली घेतली. चहूकडे केळी. बोली वेगळी, मला हसतात, मी त्यांना. शाळा बरी आहे, भिंती आहेत, देव नाही. एका बाजूने तापी. मुलगी छाया नववीत, ती आणि हे पारोळ्याला. शनिवारी दुपारी निघाले तर अंधार पडायच्या आधी पोचते.

छायाला मागच्या महिन्यात पाळी आली. शेजारच्या काकूंनी तिला बाजूला बसवलं, मी नव्हते. यांनी तिला उठवून ताटावर बसवलं म्हणे. हे. मला हे त्यांनी सांगितलं नाही, छायाने सांगितलं.

१९ ऑगस्ट

श्रावणातला सप्ताह यंदा आंबेदडला उघड्यावर झाला. कीर्तनकारांना उतरायला जागा नाही. ताडपत्री बांधली, ती फाटली, वीणेकरी भिजले. सुक्रामने सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगायला लावलं त्याला. ताडपत्री फाटली तेव्हा नाना कुठे होते? भिजले का? तो म्हणाला, भिजनात.

भिजू दे. मी संध्याकाळी त्याच मारुतीला दिवा लावला घरी. देवाशी माझं भांडण नाहीच.

८ ऑक्टोबर

आज रविवार. पारोळ्याहून पायवाटेने आंबेदडला गेले, कोणाला न सांगता. शाळा बंद. खिडकीतून आत पाहिलं. बाकं नाहीत, सतरंज्या आहेत, भिंतीवर बाराखडीचा तक्ता. माझ्या हाताचा. कोणीतरी सभामंडपातून काढून इथे लावला.

आनंद व्हायला हवा होता. पायरीवर बसणारी पोर खिडकीशी बसते असं कळलंय. ते सगळं खरं. पण मी वळले ती देवळाकडे बघायला, नाना दिसतात का म्हणून.

२६ नोव्हेंबर

गुरुजी घरी आले होते, नानांकडून. समेट करा म्हणे. यांना परत टेबलावर घेतील, माझी बदली परत होईल. नाना माफी मागायला तयार आहेत, गुरुजींच्या घरी, चौघांत.

मी म्हटलं, मला चौघांत नाही धुतलं. जिथे धुतलं तिथे, त्या पोरांसमोर.

गुरुजी म्हणाले, ती पोरं आता पाचवीत गेली, दुसऱ्या गावी जातात.

हे तेवढ्यात फाटकावरून आले. गुरुजींना पाणी दिलं, पायाला चिकटलेला कापूस काढत बसले. मला वाटलं, म्हणतील, घे मिटवून. ते म्हणाले, "हिला विचारा. मला थंडीची सवय झालीय."

१८ जानेवारी १९९०, जळगाव

माझी साक्ष झाली. उलटतपासात समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही देव मानता का?

मानते.

मंगळसूत्र घालता, चतुर्थी करता?

करते.

मग देवळात शिकवायला तुमची अडचण काय होती?

मी म्हटलं, "माझी हजेरी देव लावत नाही, जिल्हा परिषद लावते. अडचण हजेरीची आहे." न्यायाधीशांनी खाली बघून लिहिलं.

मग त्याने त्या दिवसाचं विचारलं. सगळं. कोणतं फडकं, कुठे गेलात, कोणाला कळलं. भरलेल्या कोर्टात, पुरुषांपुढे. प्रत्येकाचं उत्तर दिलं. आवाज कापला नाही.

२२ फेब्रुवारी

नानांची साक्ष. या दिवसासाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. सकाळी नवी साडी नेसले.

देवऱ्यांनी इमारतीचं विचारलं, ते कबूल करत गेले, हो, किल्ली माझ्याकडे होती, हो, पाटी रंगवली. मग देवऱ्यांनी चष्मा पुसून विचारलं, बारा जुलैला सभामंडप धुतला?

नाना म्हणाले, "नाही. असं काही झालंच नाही."

कोणीच धुतला नाही?

"रोज झाडतात. धुतला नाही. बाईंची तब्येत बरी नव्हती, मीच त्यांना घरी जायला सांगितलं, काळजीपोटी."

शपथेवर. शुद्ध मराठीत. माझ्याकडे न बघता.

पोरांची साक्ष काढायला मीच नको म्हटलं होतं. गुरुजींनी लिहून दिलंय की ते त्या दिवशी तालुक्याला होते. सुक्राम त्या दिवशी कामावर. म्हणजे धुतलंच नाही. मी उन्हात पाराजवळ उभी होते ते मी स्वप्नात.

देवरे बाहेर आल्यावर म्हणाले, इमारतीचं आपण जिंकलो समजा. तुमचं कलम पडणार. मी म्हटलं, धुणारी आहे ना. सून.

ते म्हणाले, तिला समन्स काढता येईल. घरातली बाई कठड्यात उभी राहून सासऱ्याविरुद्ध बोलली तर मग काही उरत नाही.

काही उरत नाही. हेच हवंय मला.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात तेच. शैला कठड्यात. तोच वकील तिला तेच प्रश्न विचारील, कोणतं फडकं, तुला कसं कळलं. आणि नाना समोर बसून ऐकतील. त्यांच्या घरची सून, भरल्या कोर्टात, त्याच विषयावर. मला गोड वाटतंय. खोटं का लिहू.

तिच्यामुळेच कळलं होतं त्यांना. तिचंही देणं आहे.

११ मार्च, पारोळा

बाजारात शैला भेटली. भेटली म्हणजे तिने गाठलं. कापडाच्या दुकानामागे, पदर कपाळापर्यंत. कडेवर मूल. मी ओळखलंच नाही आधी, वाळलीय.

समन्सचं घरात कळलंय. म्हणजे आमच्या वकिलाकडूनच कोणी फोडलं.

मी विचारलं, तू का सांगितलंस त्या दिवशी? ती म्हणाली, सासू स्वैपाकघरात आली, फडकं कोठे गयं विचारं. माले खोटं बोलता येत नही बाई.

मग धुतलंस का? बोलले आणि कळलं, काय विचारतेय मी. ती नुसतं म्हणाली की तेव्हा तिचेही तेच दिवस होते. तिचं कोणाला माहीत नव्हतं. तिने ती फरशी धुतली, गोमूत्र शिंपडलं, आणि रात्री गोठ्यात वैरण टाकायला जायला उशीर केला म्हणून बोलणी खाल्ली.

मूल रडायला लागलं. ती त्याला थोपटत माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, तुम्ही बलावशात तं मी येसू. खोटं नही बोलसू. पन मंग मी ऱ्हासु कोठे?"

माहेर विचारलं तर म्हणाली, बाप नही, भाऊ मजुरीले जास. मग गेली, गर्दीत.

१३ मार्च, एदलाबाद

वर्गात लक्ष नाही. एका पोराला उगाच रागावले.

तिला बोलावलं नाही तर तो माणूस शपथेवर खोटं बोलून सुटतो. ती फरशी कधी धुतलीच नाही असं कायमचं कागदावर येईल. बोलावलं तर तो हरतो, आणि ती रस्त्यावर. मी फरशीवरून उठले होते, तिला घरातून उठवायचं.

मला तिची दया येतेय याचा राग येतोय. नानांनी हीही सोय करून ठेवलीय. त्यांच्यावर मारायचं तर आधी तिच्या पाठीवर.

१ एप्रिल

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तिला आपल्याकडे ठेवता येईल का, छायाच्या खोलीत? मी म्हटलं, मूल धरून? आणि नवरा सोडून? लोक काय म्हणतील तुम्हाला? हे म्हणाले, फाटकावर बसलेल्याला लोक काय म्हणायचं ते म्हणून झालंय.

सोपं नाही. ती येईल का हेही विचारलेलं नाही. विचारायचं म्हणजे तिचं घर मोडलं हे धरूनच विचारायचं.

२७ एप्रिल, जळगाव

आज तारीख होती. समन्सचा अर्ज तयार, मी सही करून पिशवीत ठेवला होता. देवऱ्यांना दिला नव्हता.

कोर्टाला वेळ होता. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर नाना एकटेच. त्यांचा वकील आला नव्हता. मी समोरून जाणार तेवढ्यात उठले. जवळ आले. मी मागे सरकले नाही.

हळू म्हणाले, "बाई, सुनले कोर्टमा वढू नका."

बस. 'झालंच नाही' म्हणणारा माणूस. त्या एका वाक्यात सगळं कबूल. आणि ऐकायला मी एकटी, बाकी खांब.

इतके दिवस ठरवून ठेवलेलं बोलणं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "मग तुम्हीच आत जाऊन सांगा. धुतला, आणि मी धुवायला लावला. तिला यावं लागणार नाही."

ते बघत राहिले. डोळ्यांखाली सूज आहे. मला वाटलं आता रागावतील, पण नाही. म्हणाले, "शपथवर बोलनू मी. आते फिरू कसा?"

मी म्हटलं, ते तुम्ही बघा.

मग पुकारा झाला. न्यायाधीश रजेवर. उन्हाळी सुट्टीनंतरची तारीख, जून.

देवऱ्यांनी हात पुढे केला, अर्ज? मी दिला. पण दाखल करू नका म्हटलं, कपाटात ठेवा. फाडायचाही नाही. त्यांनी विचारलं, त्यांनी कबूल केलं नाही तर? मी म्हटलं, जूनमध्ये सांगते. ते म्हणाले, जूनमध्ये मला उत्तर लागेल, बाई, त्या दिवशी सकाळी तरी.

गाडी एरंडोलला थांबली तेव्हा सुक्रामने भजी घेतली, मला दिली. त्याने विचारलं, जितनूत का आपन? मी म्हटलं, तू जिंकलास.

आंबेदडच्या फाट्यावर गाडी थांबली. सुक्राम उतरला, मागच्या सीटवरून नानाही उतरले. इतका वेळ एकाच गाडीत होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोघं एका वाटेने गावाकडे चालायला लागले, मधे अंतर ठेवून. मी खिडकीतून ओरडून विचारणार होते, सांगाल का आत जाऊन? गाडी सुटली.

शैलाला निरोप धाडायला हवा. काय धाडू ते अजून ठरत नाही.